पन्नास लाख पौंडांची नवरी: ‘द एन्शन्ट मॅगस ब्राइड’चं गारूड नेमकं कशात आहे?

शेवाळी

‘द एन्शन्ट मॅगस ब्राइड’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका ज्यांनी पाहिली आहे त्यांच्यासाठी हा धागा. बाकीच्यांनी आपापल्या जबाबदारीवर वाचावं, पुढे सगळी रहस्यं फोडलेली आहेत.

थोडक्यात पार्श्वभूमी. कोरे यामाझाकी यांची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०१३ मध्ये सुरू झाली. विट स्टुडिओने २४ भागांचा पहिला सीझन ऑक्टोबर २०१७ ते मार्च २०१८ मध्ये आणला, दुसरा सीझन २०२३ मध्ये स्टुडिओ काफ्काने केला. नायिका चिसे हातोरी, जपानी, वय १५. बाप सोडून गेलेला, आई डोळ्यांदेखत गेलेली, नातेवाइकांनी या घरातून त्या घरात ढकललेली. एका छुप्या लिलावात ती साखळी घालून उभी असते आणि एलायस एन्सवर्थ नावाचा जादूगार तिला ५० लाख पौंडांना विकत घेतो. एलायसच्या धडावर डोक्याच्या जागी कुठल्याशा जनावराची कवटी आहे, वळलेली शिंगं आहेत, आणि अंगात व्यवस्थित बेतलेला सूट. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या आपल्या घरी आणून तो तिला सांगतो, तू माझी शिष्या, आणि पुढे माझी बायको.

आता माझं म्हणणं. या प्रकारच्या डार्क रोमान्समध्ये नायकाचा काळेपणा बहुतेक वेळा वरचा मुलामा असतो. आतून साहेब देखणे, हळवे, कुणीतरी दुखावलेले. नायिकेने जीव लावला की सुतासारखे सरळ. एलायस तसा नाही. त्याला भावना कळतच नाहीत. चिसेची दुसऱ्या मुलीशी मैत्री होते तेव्हा त्याच्या आत काहीतरी खदखदायला लागतं, आणि याला मत्सर म्हणतात हे त्याला चिसेने समजावून सांगावं लागतं. शतकं काढलेला जादूगार आणि पंधरा-सोळा वर्षांची पोर. भावनांच्या शाळेत वडीलधारी कोण? ती. मला या मालिकेने धरून ठेवलं ते या उलट्या मांडणीने. शिवाय खरेदीचा व्यवहार मालिका कुठेही झाकत नाही. पहिल्याच प्रसंगात समोर ठेवते आणि शेवटपर्यंत त्याचा हिशोब मागत राहते.

तुम्हाला काय वाटतं?

हुकलेली_लोकल

मला वाटतं की विट स्टुडिओच्या बॅकग्राउंड आर्टिस्टनी तुम्हाला सगळ्यांना भूल दिली आहे.

गंमत बाजूला. हिरवीगार कुरणं, दगडी कुंपणं, चुलीवर काहीतरी रटरटतंय, मागे सुंदर संगीत. हे सगळं काढून घ्या आणि कथानक साध्या मराठीत सांगा: एका मोठ्या पुरुषाने आत्महत्येच्या कड्यावर उभ्या असलेल्या अल्पवयीन मुलीला विकत घेतलं, घरी आणलं, पहिल्याच भागात उचलून आंघोळीच्या टबात बसवलं, आणि संध्याकाळच्या आत सांगितलं की तुझ्याशी लग्न करणार आहे. हेच कवटीऐवजी एखाद्या टक्कल पडलेल्या माणसाच्या बाबतीत दाखवलं असतं तर तुम्ही दहाव्या मिनिटाला बंद केलं असतंत.

‘मालिका झाकत नाही’ हे तर मला अजिबात पटलं नाही. दाखवणं आणि हिशोब मागणं या दोन गोष्टी आहेत. ‘डायबोलिक लव्हर्स’ ही रक्तपिपासू नायकांची अ‍ॅनिमे इतकी टुकार होती की ती बघून कुणाचा गैरसमज होणं शक्य नव्हतं. ही चांगली बनवलेली आहे, म्हणून जास्त त्रासदायक.

मांजरबोका

मी फक्त एलायसच्या घरातल्या सिल्कीसाठी बघतो. चकार शब्द न बोलता अख्खं घर सांभाळते आणि एलायस चुकला की नुसत्या नजरेने त्याला जागेवर आणते. तिच्यावर वेगळी मालिका काढा.

पेन्शनर_काका

माझी नात ही मालिका बघते म्हणून मी सोबत बसून सहा भाग पाहिले. चित्रकला उत्तम आहे, वाद नाही.

पण आपण मराठी माणसं आहोत. देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगमंचावर आलं. कांचनभट पैशाच्या लोभाने पोटच्या मुलीचं लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लावायला निघतो, आणि ते नाटक बघून महाराष्ट्राने जरठ-कुमारी विवाहाची लाज बाळगायला सुरुवात केली. आता सव्वाशे वर्षांनी आमची नात पैसे मोजून आणलेल्या नवरीची गोष्ट ‘किती क्यूट आहेत आजोबा दोघं’ म्हणत बघते. भुजंगनाथाला शिंगं लावली की तो चालतो का? हा प्रश्न मी तिलाही विचारला. ती म्हणाली, पुढे बघा. म्हणून इथे आलोय.

शेवाळी

काका, ‘शारदा’ अगदी योग्य आठवलं तुम्हाला, पण एक मोठा फरक आहे. शारदेला बाप विकतो. चिसेला कुणी विकलेलं नाही. ती गच्चीवरून उडी मारायच्या बेतात असताना एक माणूस तिला भेटतो, तो त्या लिलावाशी संबंधित असतो. तू फेकून द्यायला निघालेला जीव दुसऱ्या कुणाला हवा असेल, असा त्याचा सूर. ती स्वतः सही करते. आपलं म्हणावं असं कुणीतरी असावं, कुणाचंही चालेल, एवढीच तिची अपेक्षा.

आणि म्हणूनच मला ‘हिशोब’ हा शब्द सुचला. स्वतःची किंमत शून्य समजणाऱ्या मुलीवर कुणीतरी ५० लाखांची बोली लावतो. तिला आधी तो आकडाच आधार वाटतो. पुढचे तेवीस भाग तिला हे उमगण्यात जातात की आधार त्या आकड्यात नव्हता.

हुकलेली_लोकल

‘स्वतः सही केली’?

मरायला निघालेल्या पोरीची सही घेणाऱ्याला आपण काय म्हणतो? कर्जबाजारी माणसाकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेणाऱ्या सावकाराला जे म्हणतो तेच. ही संमती नव्हे, हतबलता आहे. आणि लेखिकेने किंवा लेखकाने ती मुद्दाम तशी रचली आहे, म्हणजे प्रेक्षकाच्या मनावरचं ओझं उतरतं: ‘अरे, तिनेच तर ठरवलं!’

वयाबद्दल कुणीतरी कायदा काढायच्या आत मीच काढते. जपानमध्ये १ एप्रिल २०२२ पर्यंत मुलींना १६ व्या वर्षी आईबापांच्या परवानगीने लग्न करता येत होतं. इंग्लंडमध्येसुद्धा तशी सोय होती, फेब्रुवारी २०२३ मध्ये ती बंद झाली. म्हणजे पहिला सीझन आला तेव्हा हे दोन्ही देशांत कागदावर बसत होतं. दोन्हीकडच्या संसदांनी ते बदललं, कारण कागदावर बसणं पुरेसं नाही हे त्यांना कळलं.

तिरफळ

तुमचा राग मला समजतो, पण तुम्ही या गोष्टीला बातमीसारखं वाचताय. ती लोककथेच्या नियमाने चालते.

राक्षसाच्या घरी धाडलेली मुलगी हा फार जुना साचा आहे. अपुलेयसच्या दुसऱ्या शतकातल्या लॅटिन ग्रंथात सायकीची कथा येते, तिला न दिसणाऱ्या नवऱ्याच्या स्वाधीन केलं जातं. फ्रान्समध्ये मादाम द व्हिलनव्ह यांनी १७४० मध्ये सुंदरी आणि पशूची दीर्घ कथा छापली, १७५६ मध्ये बोमाँ यांनी ती आटोपशीर केली, आज जगाला ठाऊक आहे ती हीच. या साच्यात एक गोष्ट ठरलेली: शेवटी पशूचा राजपुत्र होतो. नवरा मुळात देखणाच होता, मुलीने नुसता धीर धरायचा होता. माझ्या मते खरी फसवणूक तिथे आहे.

यामाझाकींनी नेमकं तेच कलम उडवलं. एलायस बाहेर जाताना माणसाचं रूप पांघरतो, पण ते सोंग आहे हे मालिका कधी विसरत नाही. २४ व्या भागातही कवटी ती कवटीच. त्याहून पुढची गोष्ट: लिंडेल, एलायसचा जुना जादूगार मित्र, जेव्हा चिसेला एलायसचा भूतकाळ सांगतो तेव्हा कळतं की आपण कोण, कुठून आलो, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नाही, आणि माणूस खाल्ल्याची पुसटशी आठवण त्याला आहे. हे ऐकून ती पळून जात नाही आणि विरघळूनही जात नाही. ऐकून घेते. डार्क फॅन्टसीत अशी शांत प्रतिक्रिया मी फार कमी वेळा पाहिली आहे.

आणि मालिकेतली भुतं नुसती सजावट नाहीत. रूथ घ्या. चर्च ग्रिम ही इंग्लंड आणि स्कॅन्डिनेव्हियातली समजूत. नव्या दफनभूमीत पहिलं पुरलं जाणाऱ्याला तिची राखण करत तिथेच राहावं लागतं, म्हणून माणसाच्या आत्म्यावर ती वेळ येऊ नये यासाठी आधी काळा कुत्रा पुरायचे. आमच्या सावंतवाडीकडच्या माणसाला हे समजवावं लागत नाही, आमच्याकडे प्रत्येक वाडीला राखणदार आहे. रूथ आपल्या मेलेल्या मालकिणीच्या, इझाबेलच्या थडग्यापाशी बसून आहे, आपण कुत्रा होतो हेसुद्धा विसरून. चिसे त्याला आठवण करून देते आणि तो तिचा सोबती होतो, आपलं आयुष्य तिच्या आयुष्याशी बांधून घेतो. या मालिकेत कुणीही कुणाशी फुकटात जोडलं जात नाही, प्रत्येक नात्याला काहीतरी मोजावं लागतं. लिलाव हा त्याच जगातला सगळ्यात ओंगळ सौदा, एवढंच.

हुकलेली_लोकल

राखणदाराला वर्षाला कोंबडा आणि नारळ देतात, पंधरा वर्षांची मुलगी नाही. :)

बाकी व्हिलनव्हचा मुद्दा चांगला होता, मान्य.

निळी_शाई

दोन्ही बाजू प्रेमकथेवर भांडताय. माझ्या लेखी ही प्रेमकथाच नाही, किंवा असली तर तिसऱ्या क्रमांकाची.

ही जगायची इच्छा नसलेल्या मुलीची गोष्ट आहे. सुरुवातीच्याच भागांत चिसेला आइसलँडमध्ये नेव्हिन नावाचा म्हातारा ड्रॅगन भेटतो. तो मरणार आहे आणि त्याची त्याला अजिबात खंत नाही. तो तिला डोळे मिटल्यावर आकाशात नेतो, उडणं काय असतं ते दाखवतो, आणि मग त्याचं शरीर मातीत मिसळून झाड होतं. पुढे त्याच झाडाच्या फांदीतून ती स्वतःची कांडी कोरते. मरणाकडे सुटका म्हणून बघणाऱ्या मुलीला समोर असं मरण दिसतं, जे पूर्ण जगून झाल्यावर येतं. मला पहिल्यांदा बघताना तो ड्रॅगन झाड होत गेला तो प्रसंग दोनदा मागे नेऊन बघावा लागला. अंगावर शेवाळ चढतं, फांद्या फुटतात, आणि कुणी रडत नाही.

दुसरं टोक पहिल्या सीझनच्या अखेरीला. चिसे आपल्या बालपणीच्या आठवणीत परत जाते. तिला दिसतं: आईने आधी तिचा गळा आवळला, मग हात सोडले आणि स्वतः खाली उडी मारली. अशा ठिकाणी कुठलीही मालिका सहज ‘आई, मी तुला माफ केलं’ म्हणवून घेते. चिसे माफ करत नाही. विसरणारही नाही म्हणते. आणि तिथून उठून पुढे जाते. या एका प्रसंगासाठी मी लिलाव, टब, सगळं सहन करायला तयार आहे.

आणि प्रेमकथाच हवी असेल तर ती जोएल आणि लेनन शीची आहे. गुलाबांची बाग राखणारा म्हातारा, आणि त्याच्यावर प्रेम करणारी, पण तो जिवंत राहावा म्हणून आपण प्रेम करत नाही असं स्वतःला बजावणारी परी. ती ज्याच्यावर प्रेम करेल त्याला प्रतिभा मिळते आणि आयुष्य मात्र झिजतं. जोएलला ती दिसतही नाही. चिसे आपल्या जिवावर उदार होऊन परीचं मलम करते, फक्त त्याने तिला एकदा बघावं म्हणून. म्हातारा मरतो. दोन भागांत जे झालं ते एलायस-चिसेच्या ४८ भागांत झालेलं नाही.

रात्रपाळी

जोएलच्या भागाला +१. पण जरा तांत्रिक तक्रारही नोंदवतो, कारण इथे सगळे भक्तिभावाने बोलतायत.

एक, ही मालिका गंभीर प्रसंगाच्या मध्येच पात्रांची ठेंगणी-गुबगुबीत चित्रं काढून विनोद करते. मांगात पानाच्या कोपऱ्यात हे चालून जातं. पडद्यावर ताण उतरून जातो. दोन, पहिल्या सीझनचा मधला भाग सुटा सुटा आहे. कधी ड्रॅगन, कधी मांजरांचं राज्य, कधी परीलोकाचे राणी-राजा टायटेनिया आणि ओबेरॉन दर्शन देऊन गेले. खलनायक कार्टाफिलस, मृत्यू न येणारा शापित भटक्या, अधूनमधून येतो आणि गायब होतो. शेवटच्या भागांत सगळं घाईघाईने बांधलंय.

आणि ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी तीन भागांची ओव्हीए (मुख्य मालिकेबाहेरचे सुटे भाग) बघावी, २०१६-१७ मध्ये आली होती. चिसेचं लहानपण, जंगलातलं एक ग्रंथालय. त्यात एलायसची भूमिका नावापुरती आणि लग्न वगैरे काही नाही. हुकलेली_लोकल, तुम्हाला ती आवडेल.

हुकलेली_लोकल

पाहिली आहे, आवडली आहे, आणि त्यानेच माझा मुद्दा सिद्ध होतो. एलायस बाजूला केला की ही मालिका उत्तम होते.

आता मुख्य साक्षीपुरावा, जो शेवाळी यांनी सोयीस्करपणे गाळला. चिसे ‘स्ले बेगी’ आहे, म्हणजे तिचं शरीर सतत जादू ओढून घेतं आणि तयार करतं, आणि ते ओझं तिच्या शरीराला पेलत नाही. अशा माणसांचं आयुष्य थोडं. तिच्याकडे फार तर तीनेक वर्षं उरली आहेत हे तिला कोण सांगतं? नवरा म्हणवणारा एलायस नाही, त्याच्यावर डूख धरून असलेला किमयागार रेनफ्रेड सांगतो. विकत घेणाऱ्याला माल किती दिवस टिकणार हे ठाऊक होतं, मालाला नव्हतं.

आणि स्टेला. चिसेची एकुलती एक समवयस्क मैत्रीण. चिसे ड्रॅगनच्या शापाने मरायला टेकते तेव्हा एलायस काय उपाय काढतो? स्टेलाचा जीव देऊन चिसेला वाचवायचं. तीच स्टेला जिच्याबद्दल त्याला मत्सर वाटला होता! एका दगडात दोन पक्षी. हा ‘भावना न कळणारा गोंधळलेला जीव’ नाही. त्याला पाहिजे ते बरोबर कळतं.

शेवाळी

गाळलं नाही, राखून ठेवलं होतं.

स्टेलाचा प्रसंग हाच माझा सगळ्यात मोठा पुरावा आहे. त्या क्षणी चिसे काय करते ते बघा ना. कुठल्याही साच्यातल्या रोमान्समध्ये नायिका म्हणाली असती, ‘तू माझ्यासाठी एवढं केलंस!’ आणि प्रेक्षक गहिवरले असते. माझ्यासाठी जग जाळायला निघालेला नायक हे या प्रकाराचं सगळ्यात खपाऊ खेळणं आहे, आपल्या हिंदी सिनेमानेही त्यावर पिढ्या जगवल्या. चिसे त्याला अडवते, संतापते, आणि सोडून जाते. विकत आणलेली मुलगी मालकाकडे पाठ फिरवते, आणि जाते कुणाकडे, तर शत्रूकडे, कार्टाफिलसकडे, स्वतःच्या जिवाचा वेगळा सौदा करायला. परत येते तीही आधी बोलायचं, मग करायचं, या अटीवर. अंगठी त्यानंतर. पहिल्या भागात तो तिला बायको म्हणतो त्याला तिच्या बाजूने उत्तर मिळतं ते २४ व्या भागात. एवढा वेळ थांबणारी डार्क रोमान्स मालिका मला दुसरी दाखवा.

तीन वर्षांची गोष्ट लपवणं मात्र निव्वळ हलकटपणा आहे. तिथे त्याची वकिली मी करणार नाही. त्याची जुनी ओळखीची अँजेलिका हिने त्याला फैलावर घेतलंय, तेवढं कमीच होतं.

हुकलेली_लोकल

पण परत येतेच ना? घर त्याचं, शिक्षण त्याच्याकडे, ओळखीपाळखी सगळ्या त्याच्या. जायला दुसरी जागा नसलेली बाई अटी घालून परत येते, हे मी चार घरांत पाहिलंय. त्याला समेट म्हणतात, प्रेम म्हणायची घाई मी करणार नाही.

तिरफळ

म्हणूनच दुसरा सीझन. बहुतेकांना तो कंटाळवाणा वाटला, मला नाही. चिसे जादू शिकवणाऱ्या कॉलेजात जाते, तिथे तिला स्वतःचे मित्र मिळतात, लूसी, झोई, आयझॅक. एलायसची ओळख न वापरता. तुम्ही म्हणता तीच उणीव भरून काढण्यासाठी आख्खा सीझन खर्ची घातलाय. आणि तिथे फिलोमेला आहे: सख्ख्या आजीच्या मुठीत, हुकमाची ताबेदार, स्वतःची इच्छा म्हणजे काय ते ठाऊक नसलेली. तिच्याकडे बघताना चिसेला आपणच लिलावात उभं असलेलं दिसत असणार. रक्ताच्या आजीने पोरीला वस्तूसारखं वापरलं, तिथे ना बोली लागली ना साखळी दिसली. काका, तुमच्या कांचनभटाची गाठ इथे जुळते, एलायसशी नाही.

रात्रपाळी

फिलोमेलाचं कथानक सरस आहे, पण तिथे पोचायला बारा भाग कॉलेजच्या वर्गात बसावं लागतं. पात्रं इतकी की मी शेवटी वहीत नावं लिहून ठेवली. रोमान्स म्हणून बघणाऱ्याने दुसऱ्या सीझनच्या वाटेला जाऊ नये, एलायस तिथे मास्तर म्हणून वर्ग घेत फिरतो.

मांजरबोका

मास्तर + त्याची बायको + त्याच कॉलेजात विद्यार्थिनी. हुकलेली_लोकल ताईंना पाणी द्या कुणीतरी.

हुकलेली_लोकल

पाणी प्यायले. त्याच्यावर वेगळा धागा काढणार आहे.

पेन्शनर_काका

तिरफळ, आजीचा मुद्दा लक्षात घेतला. नातीला आज विचारलं की तुला तो कवटीवाला का आवडतो. म्हणाली, तो आवडतच नाही, पण तो काहीतरी चुकला की चिसे त्याला समजावून सांगते आणि तो ऐकून घेतो, ते आवडतं. माझ्या पिढीतल्या नवऱ्यांकडे बघून बोलली असावी, आजीही तिथेच बसली होती.

सहाव्या भागानंतर सगळे बघायचे की थेट स्टेलाकडे जायचं? डोळ्यांना फार वेळ स्क्रीन सोसत नाही.

निळी_शाई

उड्या मारू नका काका. जोएलचे दोन भाग चुकवाल.

हुकलेली_लोकल

जोएलचे दोन बघा, मग स्टेलापासून शेवटपर्यंत सलग. आणि नातीला सोबत बसवा, ती कुठे कुठे गप्प होते ते मला इथे येऊन सांगा.